दातांच्या डॉक्टरांचं इंटर्नशिपचं वर्ष नीट एमडीएसच्या (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या) अभ्यासात गेलं, तर हात कधी बसायचा?

गोदाकाठ
नाशिकला पंचवटीत माझा दातांचा दवाखाना आहे, २२ वर्षं झाली. गेल्या आठवड्यात नुकतीच इंटर्नशिप संपवलेली एक मुलगी असोसिएट म्हणून काम मागायला आली. हुशार आहे. खालच्या दाढेची भूल कुठे द्यायची, नस कुठून जाते, सगळं घडाघडा सांगितलं. मी विचारलं, स्वतःच्या हाताने किती दाढा काढल्यास? "सर, अकरा. दुपारनंतर मी लायब्ररीतच असायचे."

तिला दोष देत नाही. परीक्षाच तशी आहे. २४० प्रश्न, ३ तास, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. शाखा ९ आणि चांगल्या शाखांच्या जागा मोजक्या. त्यामुळे पाठीशी सर उभे असताना पेशंटवर हात बसवायचं जे पूर्ण वर्ष, तेच पर्यायांना टिक करण्यात जातं. २०२३च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात एक्झिट टेस्टची, म्हणजे पदवीच्या शेवटी देशभर एकच परीक्षा घेण्याची, तरतूद आहे. परवान्यालाही तीच, पीजी प्रवेशालाही तीच. मग ही ओढ अंतिम वर्षापासूनच लागेल, ही माझी भीती.

माझं म्हणणं असं, की स्वतःची पाटी लावण्याआधी एक वर्ष अनुभवी डॉक्टरच्या हाताखाली, पगारी, केसच्या नोंदी ठेवून काम सक्तीचं करा. ब्रिटनमध्ये तिथून पदवी घेतलेली मुलं असं फाउंडेशनचं वर्ष करतात. मान्यताप्राप्त दवाखाना, नेमून दिलेला शिक्षक, ठरलेला पगार. रॉयल कॉलेजची एमएफडीएस परीक्षा ज्याला द्यायची तो वेगळी देतो. हाताचं शिक्षण आणि परीक्षा त्यांनी एकमेकांच्या पायात येऊ दिलेली नाही.

डोंगरवाट
सर, मी सुरगाण्याकडचा. भात-नागलीच्या शेतीवर आणि बँकेच्या कर्जावर बीडीएस, म्हणजे दातांचा डॉक्टर, झालो. ४ वर्षं अधिक १ वर्ष इंटर्नशिप, पाच तर झालीच. आता सहावं म्हणता?

"हाताखाली" म्हणजे काय ते मी भोगलंय. शहरातल्या एका दवाखान्यात सहा महिने होतो. सहा महिने सक्शन (तोंडातली लाळ ओढायची नळी) धरलं, एक्स-रे धुतले, फोनवर अपॉइंटमेंट दिल्या. आरसीटी (रूट कॅनाल) एकही नाही. पगार विचारला की उत्तर ठरलेलं, "आधी शीक." तुमच्यासारखे शिकवणारे किती आणि फुकटचा हात हवा असलेले किती, हे आधी बघा. सक्ती झाली की अशांना दरवर्षी नवीन मुलगा घरपोच मिळेल. आणि शेवटी नोंदवहीवर सही त्यांचीच लागणार.

दुसरा अटेम्प्ट
नीट एमडीएसला सगळे नावं ठेवतात, म्हणून लिहिते. पूर्वी खासगी आणि अभिमत संस्थांच्या परीक्षा वेगवेगळ्या होत्या. फॉर्म भरता भरता आणि प्रवास करता करता घरचे जेरीस यायचे. आज एक परीक्षा, एक रँक. माझे वडील सातपूरला कंपनीत कामाला आहेत, आमची कुठेही ओळख नाही. मला आत जायला हे एकच दार आहे.

आणि आम्ही हौसेने पळत नाही हो. कॉलेज रोडवरून चालत या आणि पाट्या वाचा. पेशंट आत येण्याआधी विचारतो, स्पेशालिस्ट आहेत का? बीडीएसवर पोट भरत असतं तर मी दुसऱ्यांदा बसले असते का?

गोदाकाठ
डोंगरवाट, तुमचं वाचून मन खट्टू झालं. म्हणून दुरुस्ती करतो. पगार नियमातच हवा, केसची किमान संख्याही लिहिलेली हवी आणि सही एकट्या मालकाची नको. खरं तर हे वर्ष ग्रामीण रुग्णालयांत व्हावं. पेठ, सुरगाणा भागात दात दुखला की माणूस आजही नाशिकची एसटी पकडतो.

पण वर्ष नकोच, हे पटत नाही. माझ्या पहिल्याच वर्षी वरच्या दाढेच्या गालाकडच्या कॅनालमध्ये, म्हणजे मुळातल्या नळीत, १५ नंबरची फाईल (नळी साफ करायची बारीक सुई) तुटली. एक्स-रेवर केसाएवढी पांढरी रेघ. पेशंट खुर्चीत, माझ्या हाताला घाम, विचारायला कोणी नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना गंगापूर रोडला एका सरांकडे घेऊन गेलो. त्यांनी तुकड्याच्या बाजूने वाट काढली आणि मग माझीच फाईलची डबी उजेडात धरली. "हे बघ, आटे उलगडलेत. आत घालण्याआधी दर वेळी बघायचं, उलगडलेली दिसली की फेकायची." पुस्तकात हे होतं, मी वाचलंही होतं. नजर मात्र त्या दिवशी आली.

म्हसरूळ
मी दंत महाविद्यालयात शिकवते. सर, गळतं मडकं बाजूला ठेवून तुम्ही दुसरं मडकं मागताय. इंटर्नशिप नेमकी याचसाठी आहे. सगळ्या विभागांत फिरायचं, ३ महिने ग्रामीण भागात. ती नीट करून घेतली तर सहावं वर्ष लागणार नाही. हजेरी लागते आणि मुलं ओपीडीतून गायब होतात. आम्ही शिक्षकही "परीक्षा आहे बिचाऱ्यांची" म्हणून सोडतो, ही आमची चूक. वहीतल्या केस खऱ्या आहेत का ते तपासा, कमी असतील तर इंटर्नशिप वाढवा. त्याला नवा कायदा कशाला हवा?

दुसरा अटेम्प्ट
मॅडम, इंटर्नशिप लांबली तर परीक्षेची तारीखच हुकते. ठरलेल्या दिवसापर्यंत ती पूर्ण नसेल तर बसताच येत नाही. शिक्षा पुन्हा आम्हालाच.

सिडकोकर
मी डॉक्टर नाही, पेशंटच्या घरचा. धाकट्या भावाला सुपारीची सवय. तिखट झोंबायचं, तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं. आम्ही म्हणायचो, दाढ येतेय. गल्लीतल्या नवीन दवाखान्यातल्या मुलीने, साधी बीडीएस, गालाच्या आतून बोट फिरवलं आणि म्हणाली, इथे गाल पांढरा आणि ताठ झालाय, सुपारी आजच बंद, पुढे कॅन्सरचा धोका असतो. तिनेच मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. हे कुठे शिकलीस विचारलं, तर म्हणाली इंटर्नशिपच्या गावातल्या शिबिरात एका दिवसात असे चार जण बघितले होते.

गोदाकाठ
म्हसरूळ मॅडम, सिडकोकरांनी तुमच्या बाजूने साक्ष दिली, मान्य करतो. इंटर्नशिप खरी झाली तर माझा आग्रह निम्मा सुटेल. उरलेला निम्मा एकट्याने निर्णय घेण्याचा आहे, तो कॉलेजच्या खुर्चीवर येत नाही.

ती मुलगी सोमवारपासून येतेय. पगार पहिल्या महिन्यापासून. सक्शनला मदतनीस ताई आहेत, ते काम तिच्याकडे नाही.

डोंगरवाट
मग सर, महिन्याच्या शेवटी तिच्या वहीत किती दाढा आणि किती आरसीटी चढल्या, ते इथेच लिहा. पगारासकट.