मदत हवी आहे : मराठी-कन्नड संयुक्त भजनसंध्येसाठी

सर्वांना नमस्कार. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातील आमचे भजनी मंडळ आणि शेजारच्या गावातील कन्नड भाषक तरुण मिळून अभंग व दासपदांचा (कन्नड हरिदास संतांच्या भक्तिपदांचा) एकत्र कार्यक्रम करू इच्छितो. सीमाप्रश्नावरील आपापली मते सोडून कोणी यावे अशी अपेक्षा नाही. परंतु फलकांच्या भाषेवरून वातावरण तापते तेव्हा एकमेकांना ओळखणारी चार माणसे दोन्ही बाजूंना असावीत, एवढी मनापासून इच्छा आहे.

१९९९ मध्ये संगीतकार डॅनियल बॅरनबॉइम आणि विचारवंत एडवर्ड सईद यांनी जर्मनीतील वायमार येथे इस्रायली व अरब तरुण वादकांना एका वाद्यवृंदात आणले, तेव्हा त्यांना एकच स्वरलिपी वाचता येत होती. आमची अडचण नेमकी तिथेच आहे. कन्नड मुले अभंग कन्नड लिपीत उतरवून घेतात, आम्ही पदे देवनागरीत लिहितो, आणि कन्नडमधील ऱ्हस्व-दीर्घ एकार नेहमीच्या देवनागरीत वेगळे दाखवता न आल्याने चाल बरोबर असूनही उच्चार चुकतो. गदगचे भीमसेन जोशी दोन्ही भाषांतील भक्तिरचना तितक्याच आत्मीयतेने गात, म्हणून हे अशक्य नाही, असे आम्ही मानतो.

उच्चार शिकवू शकणारे, दोन्ही भाषा जाणणारे कोणी गायक बेळगाव किंवा निपाणी परिसरात आहेत का? शिवाय निवेदन कोणत्या भाषेत आधी करावे आणि फलक कसा लिहावा, याबाबत असे कार्यक्रम केलेल्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर कळवावा.