मदत हवी आहे : स्मृतिदिनाच्या रक्तदान शिबिरासाठी रक्तपेढी

दर तीन महिन्यांनी स्वतः रक्तदान करणारा आणि खिशातल्या निळ्या डायरीत शेजाऱ्यांचे रक्तगट टिपून ठेवणारा, ऐरोलीतील आमच्या सोसायटीचा एक तरुण गेल्या मे महिन्यात आम्हाला सोडून गेला. उन्हाळी सुट्टीत रक्ताचा तुटवडा पडतो, हे तोच आम्हाला सांगत असे. म्हणून पहिल्या स्मृतिदिनी सोसायटीच्या सभागृहात शिबिर घ्यायचे ठरले आहे. १८ ते ६५ वयोगटातील तीस दाते तयार आहेत, परंतु विचारलेल्या दोन्ही रक्तपेढ्यांनी किमान पन्नास दात्यांची अट घातली. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते, ते त्यांनाच मिळावे, एवढीच त्याच्या आईंची इच्छा आहे. फलक आणि भेटवस्तू त्यांना नको आहेत. तीस दात्यांसाठी रविवारी येणारी आणि या मुलांना रक्त पुरवणारी ठाणे किंवा नवी मुंबईतील रक्तपेढी कोणाच्या अनुभवात आहे का?