मदत हवी आहे: सीफिट्सआयओमध्ये इनपुट फाइलचं हेडर आउटपुट फाइलला नीट कसं जोडायचं?

शततारका

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी एम ६७ या तारकागुच्छाच्या सीसीडी (दुर्बिणीवरच्या डिजिटल कॅमेऱ्याच्या) फ्रेम्सवर काम करतेय. प्रोग्राम सी मध्ये आहे, लायब्ररी सीफिट्सआयओ, म्हणजे खगोलशास्त्रातल्या फिट्स या स्वरूपाच्या फाइली वाचायची-लिहायची लायब्ररी. आधी बायस फ्रेम (कॅमेऱ्याची शून्य एक्सपोजरची पायाभूत पातळी) वजा करायची, मग फ्लॅटने (एकसारख्या प्रकाशाच्या फ्रेमने) भागायचं आणि निकाल नव्या फिट्स फाइलमध्ये लिहायचा, एवढंच काम. पण मूळ फ्रेमच्या हेडरमधली (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीच्या ओळींमधली) एक्सपोजर, फिल्टर, निरीक्षणाची वेळ ही सगळी माहिती नव्या फाइलमध्ये यायलाच हवी, नाहीतर पुढे फोटोमेट्री (ताऱ्यांची तेजस्विता मोजणं) करता येणार नाही.

सध्याचा क्रम असा: फिट्स_ओपन_फाइलने इनपुट रीडओन्ली उघडते, फिट्स_क्रिएट_फाइलने आउटपुट तयार करते, फिट्स_कॉपी_हेडरने हेडर उचलून आउटपुटमध्ये टाकते आणि शेवटी फिट्स_राइट_इमेजने फ्लोट अ‍ॅरे लिहिते.

यात तीन अडचणी येताहेत.

पहिली, लिहिताना स्टेटस (लायब्ररीचा एरर-क्रमांक) ४१२ येतो. फाइल तयार होते, उघडतेही, पण जिथे बायस वजा केल्यावर किंमत ऋण व्हायला हवी तिथे सगळीकडे ० दिसतो.

दुसरी, यावर उपाय म्हणून हेडर कॉपी केल्यानंतर फिट्स_रिसाइझ_इमेजने बिटपिक्स (पिक्सेलच्या किंमतीचा प्रकार) −३२, म्हणजे ३२ बिटांचा फ्लोट, केला. ४१२ गेला. पण मास्टर फ्लॅट सरासरीने भागून १ च्या आसपास आणला आणि त्याचा हिस्टोग्राम काढला, तर तो सलग येत नाही. ठरावीक अंतरावर काठ्या, मध्ये रिकामं. अ‍ॅरे लिहायच्या आधी छापून पाहिला, तिथे किंमती व्यवस्थित आहेत. म्हणजे बिघाड लिहिण्याच्या टप्प्यावरच होतोय.

तिसरी, कुठली आउटपुट फाइल कुठल्या बायस आणि फ्लॅटमधून आली, हे फाइलमध्येच नोंदवायचं आहे. त्याची रूढ पद्धत काय?

प्रोग्राम दुसऱ्यांदा चालवला की १०५ येतो ते वेगळंच. कुणी मार्ग दाखवला तर फार बरं होईल.

ध्रुवमत्स्य

कच्च्या फ्रेमच्या हेडरमध्ये बिटपिक्स, बीस्केल आणि बीझीरो (वाचताना किंमतीला गुणायचा आणि तिच्यात मिळवायचा आकडा) काय आहेत? आणि रिसाइझ केल्यानंतर आउटपुटमध्ये काय दिसतात? एवढं इथे टाका.

शततारका

कच्च्या फ्रेममध्ये बिटपिक्स १६, बीस्केल १, बीझीरो ३२७६८. आउटपुटमध्ये बिटपिक्स −३२ झालाय, बाकी दोन्ही तसेच आहेत.

पॉइंटरवाला

मग दोन्ही दुखणी त्या बीझीरोचीच आहेत. जरा सविस्तर लिहितो, कारण सीसीडीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी लागतंच.

फिट्समध्ये १६ बिटांचा पूर्णांक चिन्हासहित असतो, −३२७६८ ते ३२७६७. सीसीडीला हवं ० ते ६५५३५. म्हणून प्रत्येक किंमतीतून ३२७६८ वजा करून ती डिस्कवर ठेवायची आणि बीझीरोमध्ये ३२७६८ लिहायचं, म्हणजे वाचणारा ते परत मिळवून घेतो. तुम्ही हेडर आहे तसं कॉपी केलंत तेव्हा हा करारही आउटपुटला लागू झाला. आता −३ लिहायला गेलात की लायब्ररी त्यातून ३२७६८ वजा करते, उत्तर −३२७७१ येतं आणि ते १६ बिटांत मावत नाही. मग ती सगळ्यात लहान किंमत लिहिते, जी वाचताना ० दिसते, आणि ४१२ परत करते. डेटा लिहिला जातो पण कापलेला असतो, म्हणून ४१२ कडे कधीही काणाडोळा करू नका.

आता हिस्टोग्राम. बिटपिक्स −३२ केला तरी बीझीरो जागेवर आहे, त्यामुळे फ्लोटमधूनही ३२७६८ वजा होतंच. समजा फ्लॅटची किंमत ०.९८७ आहे. डिस्कवर जायचं −३२७६७.०१३. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये किंमतीचे सार्थ बिट २४. त्यातले १५ पूर्णांकाच्या भागातच खर्च होतात, अपूर्णांकाला उरतात ९. म्हणजे सगळ्यात लहान पायरी १/५१२, सुमारे ०.००२. तुमचं ०.९८७ परत वाचताना ०.९८६३ होऊन येतं. हिस्टोग्राममधल्या काठ्या त्याच. एक टक्क्याहून कमी चढउतार मोजायचे असतील तर असा फ्लॅट वापरण्याजोगा नाही.

उपाय: हेडर अख्खं उचलू नका. आउटपुटमध्ये फिट्स_क्रिएट_इमेजने फ्लोट इमेज स्वतः तयार करा. बिटपिक्स, नॅक्सिस वगैरे रचनेच्या ओळी तेव्हाच लिहिल्या जातात. मग इनपुटच्या हेडरमधलं एकेक कार्ड (म्हणजे एकेक ओळ) फिट्स_रीड_रेकॉर्डने वाचा, ते कुठल्या वर्गातलं आहे हे फिट्स_गेट_कीक्लासला विचारा आणि हवं तेवढंच फिट्स_राइट_रेकॉर्डने लिहा. वर्गांना क्रमांक आहेत: रचना १०, कॉम्प्रेशन २०, स्केलिंग ३०, ब्लँक (रिकाम्या पिक्सेलची खूण) ४०, डेटामिन-डेटामॅक्स (सगळ्यात लहान-मोठी किंमत) ६०, चेकसम (फाइल बदलली का हे पडताळायचा आकडा) १००. तुमच्यासाठी अट अशी ठेवा: वर्ग ६० पेक्षा मोठा असेल आणि १०० नसेल तरच कार्ड पुढे न्या. ब्लँक फक्त पूर्णांकांच्या इमेजमध्येच चालतो. डेटामिन-डेटामॅक्स भागाकारानंतर खोटे पडतात आणि जुना चेकसम तर पडतोच. आकाशातल्या निर्देशांकांच्या ओळी ११० मध्ये येतात आणि एक्सपोजर, फिल्टर अशी कार्डं १५० मध्ये, त्यामुळे ती सुखरूप राहतात.

सीफिट्सआयओसोबत इमकॉपी नावाचा नमुना प्रोग्राम मिळतो, त्यात हीच युक्ती आहे. पण तिथली अट २० पेक्षा मोठा अशी आहे, कारण त्याला डेटाचा प्रकार बदलायचा नसतो. ती अट जशीच्या तशी उचललीत तर बीझीरो परत येईल.

ध्रुवमत्स्य

१०५ बद्दल: त्या नावाची फाइल आधीच असेल तर फिट्स_क्रिएट_फाइल नकार देते. नावाच्या आधी उद्गारचिन्ह लावलं की जुनी फाइल पुसून नवी तयार होते. नाव टर्मिनलवरून देत असाल तर एकेरी अवतरणात द्या, दुहेरी अवतरणात बॅश ते उद्गारचिन्ह स्वतःसाठी पळवतं.

मात्र इनपुट आणि आउटपुटचं नाव एकच नाही ना, हे उद्गारचिन्ह लावायच्या आधी प्रोग्राममध्येच तपासा. नाहीतर कच्ची फ्रेम जाईल, आणि त्या रात्रीचं आकाश पुन्हा मिळत नाही. मी तर आउटपुट आधी तात्पुरत्या नावाने लिहितो, शेवटी स्टेटस ० असेल तरच नाव बदलतो.

आणखी एक. स्टेटस एकदा शून्याहून मोठा झाला की पुढची बहुतेक फंक्शन्स काहीही न करता परत येतात. १०५ आला आणि तुम्ही तपासला नाहीत, तर पुढचं सगळं गुपचूप वगळलं जातं. महत्त्वाच्या टप्प्यांनंतर फिट्स_रिपोर्ट_एरर ठेवा.

शततारका

पॉइंटरदादा, १/५१२ चा हिशोब अगदी जुळला! काठ्यांमधलं अंतर मोजलं, ०.००१९५ च आहे. कार्डांचा लूप लिहायला घेतलाय.

अजून एक शंका. मॅन्युअलमध्ये वाचलं की ओपन करतानाच इनपुटच्या नावापुढे कंसात आउटपुटचं नाव देता येतं. त्याने दोन्ही फाइली आपोआप जोडल्या जातात का?

पॉइंटरवाला

नाही. कंसातल्या नावाने इनपुटची प्रत तयार होते आणि तुमच्या हातात ती प्रत येते, मूळ फाइलला धक्का लागत नाही. हेडरमध्ये दोन-चार ओळी दुरुस्त करायच्या असतील तर फारच सोयीचं. चौकटी कंसात फिल्टर किंवा इमेजचा तुकडा मागितला असेल तेव्हा तर हे नाव द्यावंच, नाहीतर गाळलेली प्रत फक्त मेमरीत राहते आणि फाइल बंद केली की तुमचे बदल तिच्यासोबत जातात. पण तुम्हाला डेटाचा प्रकारच बदलायचा आहे, त्यामुळे दोन स्वतंत्र पॉइंटर हाच सरळ रस्ता.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल: आउटपुटमध्ये रॉफाइल, बायसफाइल, फ्लॅटफाइल अशा तीन की लिहा. कीच्या नावाला ८ अक्षरांची मर्यादा आहे, रोमनमध्ये ही तिन्ही बसतात. किंमत म्हणून पूर्ण पाथ देऊ नका, नुसतं फाइलचं नाव द्या. एका ८० अक्षरी कार्डात ६८ अक्षरांची स्ट्रिंग मावते, पाथ त्यापुढे सहज जातो. शिवाय तुमचा पाथ दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक.

नावं मात्र बदलतात. म्हणून फिट्स_गेट_चेकसमने प्रत्येक इनपुटचा डेटासम (नुसत्या डेटाचा चेकसम) काढा आणि तोही नोंदवा. हे फंक्शन इनपुटमध्ये काही लिहीत नाही, नुसतं मोजून सांगतं. उद्या कुणी फ्लॅटचं नाव बदललं तरी आकडा जुळवून खात्री करता येते. बऱ्याच फ्रेम्स एकत्र करून मास्टर बायस बनवला असेल तर आयरॅफ या खगोलशास्त्रीय सॉफ्टवेअरमधलं इमकंबाइन करतं तसं करा: आयएमसीएमबी००१, ००२ असे क्रमांक आणि एनकंबाइनमध्ये एकूण संख्या. प्रोग्रामची आवृत्ती हेडरच्या हिस्टरी ओळीमध्ये टाका. सगळं लिहून झाल्यावर शेवटी फिट्स_राइट_चेकसम, त्यानंतर काही बदलायचं नाही.

मीटरलहरी

रेडिओकडून थोडी भर. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा कच्चा डेटा एलटीए स्वरूपात मिळतो. त्यावर लिस्टस्कॅन चालवलं की लॉग फाइल तयार होते, आणि तो लॉग वाचून जीव्हीफिट्स फिट्स फाइल बनवतं. मी तो लॉग कायम फिट्सच्या शेजारीच ठेवते, कुठले स्कॅन घेतले हे त्यातूनच कळतं. शततारका, तुम्हीही फ्रेम्सची यादी एखाद्या साध्या टेक्स्ट फाइलमधून प्रोग्रामला द्या आणि तीच यादी जपून ठेवा.

शततारका

झालं! नव्या लूपने मास्टर फ्लॅट पुन्हा बनवला. हेडरमध्ये बीझीरो नाही, हिस्टोग्राम सलग आला, कोपऱ्यातल्या ऋण किंमती ऋणच राहिल्या. तिन्ही फाइलींची नावं आणि डेटासम आउटपुटमध्ये दिसताहेत. तात्पुरत्या नावाची युक्तीही घेतली.

सगळ्यांचे मनापासून आभार. कच्च्या फ्रेममधलं एक्सपोजर आता आउटपुटमधून थेट वाचता येतंय, फोटोमेट्री उद्यापासून सुरू करते. त्यात अडले तर वेगळा धागा काढेन.