‘मुक्त आली’ या नोंदीवर भिस्त नको
कुणी म्हणतं की ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या १८२८ च्या जनगणनेत बाईच्या नावापुढे ‘मुक्त आली’ (म्हणजे शिक्षा म्हणून नव्हे, आपणहून आली) असं आहे, म्हणजे ती इंग्लंडहून पाठवलेली कैदी नव्हतीच. हे काही पटलं नाही. मेरी रीबीचंच बघा. १७९१ मध्ये घोडा चोरल्याबद्दल इंग्लंडात स्टॅफर्डला खटला चालला तेव्हा ती मुलाच्या वेशात होती, आणि नाव जेम्स बरो! माहेरची हेडॉक. फाशी बदलून सात वर्षांची हद्दपारी झाली, १७९२ मध्ये ‘रॉयल ॲडमिरल’ जहाजातून सिडनीला पोचली. पुढे नवरा गेल्यावर गोदामं, जहाजं, सगळा व्यापार तिनेच सांभाळला. (आज ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर आहे बाई.) १८२० मध्ये मुलींना घेऊन इंग्लंडला जाऊन आली आणि जनगणनेत लिहून दिलं, ‘१८२१ मध्ये मुक्त आले’. धडधडीत खोटं म्हणता येत नाही. दुसऱ्या खेपेला ती आलीच होती तशी.

तेव्हा एखादी बाई कैदी होती का हे बघायचं तर तुम्ही आधी खटला कुठे चालला ते शोधा. ओल्ड बेलीत (लंडनचं फौजदारी न्यायालय) मुख्यतः लंडन-मिडलसेक्सचेच खटले सापडतील. बाकीच्यांसाठी त्या-त्या परगण्याचे कागद. मग जहाजाची कैदी-यादी. आणि माहेरचं, सासरचं, टोपणनाव, सगळी नावं घालून बघा.