ओला रोज, सुका ठरावीक वारी: पुण्यातल्या सोसायट्यांनी हा बदल करावा का?

कोथरूडकर (मूळ मत)
घनकचऱ्याचे नवे केंद्रीय नियम १ एप्रिल २०२६पासूनचे आहेत. २०१६च्या नियमांत घरात तीन भाग करायचे होते, आता चार: ओला, सुका, सॅनिटरी (पॅड, डायपर) आणि विशेष काळजीचा. चारही प्रकार रोज दारात घेणं एका ढकलगाडीला जमणार नाही. माझं मत असं: ओला आणि सॅनिटरी रोज, सुका फक्त बुधवार-शनिवार, आणि विशेष काळजीचा, म्हणजे औषधं, सेल, सीएफएल दिवे, रंगाचे डबे, महिन्यातून एकदा.

सुका कचरा वजनाला हलका पण जागा फार खातो. रोज घेतला की गाडी अर्ध्या इमारतीतच भरते आणि ओला त्याच्यावर दाबला जातो. पुठ्ठा भिजला की भंगारवाला वजनात घट धरतो, तेलकट झाला तर घेतच नाही. नुकसान कचरा उचलणाऱ्या ताईंचंच होतं.

वर्गीकरण_शेड
त्याच ताईंसाठी मी विरोध करतोय. हिशेब करा. ६० घरं, घरटी चार माणसं, माणशी साधारण अर्धा किलो, म्हणजे रोज १२० किलो. त्यातला तिसरा हिस्सा सुका धरला तर ४० किलो. शनिवार ते बुधवार चार दिवस, म्हणजे एका सकाळी १६० किलो सुका, शिवाय त्या दिवसाचा ओला. तो निवडायचा कुठे? बहुतेक ठिकाणी शेडच नाही, पार्किंगच्या कोपऱ्यात बसून निवडतात. जुलैत तिथे पाणी येतं आणि तुम्ही वाचवलेला पुठ्ठा तिथेच भिजतो. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताईंची कमाई घरटी शुल्क आणि सुक्याची विक्री या दोन्हींवर आहे. वार बदलण्याआधी त्यांना विचारा.

दोन_खोल्यांचं_घर
चार दिवस सुका ठेवला तर वास येतो, झुरळं होतात, असं म्हणतात. ते न विसळलेल्या पाकिटांमुळे. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो तुकडा वर्गीकरणात कुणाच्या हाताला लागत नाही. पिशवी अर्ध्या वाटी पाण्याने विसळा, ते पाणी झाडाला घाला, पिशवी उलटी करून वाळवा. टेट्रापॅक उघडून चपटा करा. बाटली चेपून झाकण लावा. एवढं केलं की आठवड्याचा सुका एका गोणीत मावतो. माझा कोथरूडकरांना पाठिंबा आहे.

खतखड्डा
दोघंही सुक्यावर भांडताय, पण वरचाच आकडा पाहा: रोज १२० किलो. दिवसाला १०० किलोंच्या वर गेलं की सोसायटी बल्क जनरेटर, म्हणजे मोठ्या प्रमाणात कचरा करणारी, ठरते, आणि शक्य असेल तिथे ओला आवारातच खत करून जिरवणं ही तिची जबाबदारी. ओला गाडीत गेलाच नाही, तर सुका रोज घ्यायला जागा आहे.

खत बिघडण्याची कारणं नेहमीची. नुसता भाजीचा चोथा आणि उरलेला भात टाकला की हवा खेळत नाही, आंबट वास सुटतो, अळ्या पडतात. बादलीभर ओल्याला जवळजवळ बादलीभर सुका पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हवं, आणि दर तीन-चार दिवसांनी ढवळणं. मुठीत दाबल्यावर ओल लागावी, पाणी गळू नये. करवंट्या आणि आंब्याच्या कोयी वेगळ्या काढा, त्या महिनोन्‌महिने तशाच राहतात.

वर्गीकरण_शेड
ओल्याचं पटलं. पण सॅनिटरीबद्दल कुणी बोलत नाहीये, आणि हाताला सगळ्यात आधी तेच लागतं. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा. डायपरमधली शी आधी संडासात टाकायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून देऊ नका, आत काय आहे हे पाहायला ती फाडावीच लागते. सुया झाकणाच्या जाड डब्यात, तो डबा सॅनिटरीत नव्हे, विशेष काळजीच्या कचऱ्यात. मोबाइलची बॅटरी सुक्यात गेली तर कॉम्पॅक्टरमध्ये (कचरा दाबणाऱ्या यंत्रात) दाबली जाऊन पेट घेऊ शकते, म्हणून टोकांना चिकटपट्टी लावून वेगळी ठेवा.

कोथरूडकर
चार दिवसांच्या खंडाचा हिशेब माझा चुकला, मान्य. मंगळवार, गुरुवार, शनिवार करू. जास्तीत जास्त तीन दिवस, १२० किलो. वर पत्रा आणि खाली फूटभर उंच ओटा असलेली जागा सोसायटीने आधी द्यावी, वार नंतर बदलावेत. पण रोज सुका घेण्याला माझा विरोध कायम आहे.

वर्गीकरण_शेड
ओटा आधी झाला तर तीन वार चालतील. सुका उचलण्याचे दिवस कमी झाले म्हणून घरटी शुल्क कापायचं नाही, हे सभेच्या ठरावातच लिहून घ्या.