घरच्या घरी सीएनसी मिलिंग मशीन बांधायचंय, यादी तपासून द्याल का?

खटपट्या:
नमस्कार मंडळी. थ्रीडी प्रिंटर स्वतः जुळवला तेव्हापासून हात शिवशिवतायत. आता सीएनसी मिलिंग मशीन, म्हणजे संगणकाच्या हुकमाने फिरत्या कटरने कापणारं मशीन, बांधायचं म्हणतोय. मुख्य काम दुर्बिणीच्या माउंटचं, म्हणजे १० मिमी ॲल्युमिनियमच्या प्लेटा. अधूनमधून प्लायवूड, आणि जमलंच तर माइल्ड स्टील.

मनातला आराखडा असा: कामाची जागा १००० × १००० मिमी, झेडला (वर-खाली) १५० मिमी. २० मिमीचे गोल रॉड घरात पडून आहेत, ते दोन्ही टोकांना धरून गॅन्ट्री (स्पिंडल पेलणारा आडवा पूल) त्यांवर चालवायची. अक्ष सरकवायला टी८ लीडस्क्रू, प्रिंटरमधून उरलेल्या नेमा १७ आकाराच्या स्टेपर मोटर, ५०० वॉटचा डीसी स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर), कंट्रोलला आर्डुइनो उनो आणि त्यावर चालणारं जीआरबीएल सॉफ्टवेअर. ०.०५ मिमी अचूकता मिळाली तरी खूश. काही चुकत असेल तर स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

शतांश_मिमी:
वाईट वाटणार नाही म्हणालात म्हणून धीर करतो. यादीतला आर्डुइनो तेवढा ठेवा, बाकी सगळं बाजूला काढा.

हिशेबच करू. २० मिमीचे दोन स्टीलचे रॉड, टोकं १ मीटरवर नुसती टेकवलेली, मधोमध १० किलोचा भार. वाक येतो साधारण ०.६५ मिमी. अजून कटर फिरायलाही लागलेला नाही, नुसती गॅन्ट्री बसलीय. आणि तुम्हाला हवेत ०.०५. टोकं पक्की आवळली तर वाक कमी होईल, पण घरगुती क्लॅम्पमध्ये रॉड कागदावरच्यासारखा आवळला जात नाही.

आता तेच रॉड ५०० मिमीवर टेकवा. वाक ०.०८ वर येतो. लांबी निम्मी केली की वाक आठवा हिस्सा होतो, कारण तो लांबीच्या घनाच्या पटीत वाढतो. म्हणून पहिला प्रश्न ‘रॉड कुठले’ हा नाही, १ मीटर खरंच लागतो का हा आहे. माउंटची तुमची सगळ्यात मोठी प्लेट केवढी?

हाच नियम कटरलाही लागू. कोलेटमधून (कटर धरणाऱ्या पकडीतून) ४० मिमी बाहेर काढलेला एंडमिल कटर २० मिमीवर आणला तर आठपट ताठ. आणि जाडी तर चौथ्या घाताने चालते: त्याच लांबीचा ६ मिमीचा कटर ३ मिमीपेक्षा सोळापट ताठ. लोक स्पिंडलच्या वॉटवर भांडत बसतात आणि कटर मात्र उदबत्तीसारखा लांब काढून ठेवतात.

लाकूडतोड्याची_लेक:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण मोठं मशीन म्हणजे चूकच असं कुणी समजू नका. माझं मोठ्या बेडचं आहे, एक्स-वायला बेल्ट, वर हातातला ट्रिमर बसवलेला. प्लाय, एमडीएफ, नावाच्या पाट्या, सगळं मस्त निघतं. लाकडात पाव मिमी इकडेतिकडे झालं तर सँडपेपर सांभाळून घेतो. ॲल्युमिनियम सांभाळून घेत नाही. एकाच मशीनकडून दोन्ही कामं हवीत म्हटलं की दोन्ही बेताचीच होतात.

लाकूड कापणार असाल तर एक ऐका. व्हॅक्यूमचा पाइप स्पिंडलजवळ पहिल्या दिवसापासून लावा, आणि एमडीएफला मास्क हवाच, तो भुसा फार बारीक असतो. आणि कटर एका जागी उभा राहून घासू देऊ नका. लाकूड करपतं, ठिणगी भुशात जाते आणि धूर येतो बऱ्याच वेळाने, तोवर तुम्ही चहा प्यायला गेलेले असता. चालू मशीन सोडून जायचं नाही.

टूलरूमवाले_काका:
मी बरीच वर्षं मिलिंगवर उभा राहिलोय, म्हणून जुन्या वळणाचं सांगतो. पटलं तर घ्या.

बांधायची हौस असेल तर बांधा. पण ॲल्युमिनियमच कापायचं असेल तर छोटं हाताने चालवायचं बिडाचं मिलिंग मशीन मिळतंय का बघा आणि त्याला मोटर लावा. बीड जड असतं आणि कंप गिळतं. ॲल्युमिनियमच्या एक्स्ट्रूजनची (पोकळ खाचांच्या पट्ट्यांची) फ्रेम हलकी, तिचा कंप थेट जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर उमटतो. पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी दिसली की समजावं, चॅटर आहे, म्हणजे कटर थरथरतोय.

एक सावधगिरी मात्र. अशा मशीनच्या स्क्रूत प्ले असतो. हँडल उलट फिरवलं की थोडं मोकळंच फिरतं, तोच. क्लाइम्ब पद्धतीने कापताना कटर जॉबला स्वतःकडे ओढतो. टेबल त्या प्लेइतकं पुढे उडी मारतं, दात एकदम मोठा घास घेतो आणि कटर तुटतो. हाताने चालवताना आम्ही म्हणूनच उलट दिशेने, कन्व्हेन्शनल कापायचो. सीएनसीत प्रोग्राम दोन्हीकडे फिरतो, तिथे बॉलस्क्रूला (बारीक गोळ्यांवर चालणारा, प्ले जवळजवळ नसलेला स्क्रू) पर्याय नाही. सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅशची, म्हणजे या प्लेची, भरपाई भरता येते म्हणतात. आकड्यांची भरते, पण त्या उडीला अडवत नाही.

स्टीलचा विचार सध्या मनातून काढा.

खटपट्या:
काका, शतांश, ताई, सगळ्यांचे आभार. थोडं वाईट वाटलंच. :)

सगळ्यात मोठी प्लेट मोजली, २८० × २०० मिमी. १ मीटर कुठून डोक्यात आला कोण जाणे! बिडाचं मशीन छान, पण माझी खोली वरच्या मजल्यावर, जिना अरुंद. तेव्हा बांधणारच.

नवा आराखडा: ४०० × ३०० मिमी, झेड १०० मिमी. १५ आकाराच्या चौकोनी लीनियर गाईड (सरकायचे रूळ), १६०५ बॉलस्क्रू, जरा मोठ्या नेमा २३ मोटर, १.५ किलोवॉटचा व्हीएफडीवरचा (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवरचा) स्पिंडल. आता अडलंय ते असं: गॅन्ट्री हलती ठेवू की टेबल हलतं? आणि फ्रेम वेल्ड करू की बोल्टने जोडू?

शतांश_मिमी:
आता कसं बोललात! या आकाराला गॅन्ट्री स्थिर, टेबल हलतं. गॅन्ट्री हलायची नसली की ती हवी तेवढी जड करता येते. जागा जास्त लागते, कारण टेबलाला पुढे-मागे सरकायला मोकळीक हवी, पण तुमच्या आकाराला ते परवडतं. झेडचे १०० मिमीसुद्धा पुन्हा तपासा. १० मिमीच्या प्लेटसाठी व्हाईसची उंची अधिक कटर एवढंच लागतं. गॅन्ट्री जितकी खाली, मशीन तितकं ताठ.

वेल्ड की बोल्ट? वेल्डिंगची फ्रेम स्वस्त आणि ताठ, पण थंड होताना वाकडी होते. होतेच. त्यामुळे गाईड बसायच्या जागा नंतर मशीनवर सपाट करून घ्याव्या लागतात, किंवा आपोआप समपातळीत येणारं इपॉक्सी ओतून. ती सोय नसेल तर जाड प्लेटा, डॉवेल पिन आणि बोल्ट. वाकड्या जागेवर गाईड आवळली की तीही वाकडी होते आणि तिच्यावर सरकणारं कॅरेज मधेच अडकायला लागतं. एक गाईड आधी सरळ लावून घ्या, दुसरी तिच्याशी डायलने (काट्याच्या बारीक मापकाने) समांतर करत करत आवळा. या कामाला अख्खी संध्याकाळ जाते. जाऊ द्या.

आणि गुण्याच्या भरवशावर राहू नका. स्पिंडलला डायल बांधून टेबलावर गोल फिरवा, चारही दिशांना काटा किती हलतो बघा. जितकं मोठं वर्तुळ, तितका बारीक फरक दिसतो. शिम (पातळ पट्टी) लावून तो काढा. मग कटर काय करतो ते आपल्याला आधीच माहीत असतं.

तारांचा_गुंता:
मी वायरिंगवाला, फ्रेममधलं मला कळत नाही.

मोटरला फेरीची २०० पावलं. ड्रायव्हरवर ८ चं मायक्रोस्टेपिंग (एका पावलाचे आठ भाग) ठेवलं तर १६००. १६०५ स्क्रू एका फेरीत ५ मिमी सरकतो, म्हणजे मिमीला ३२० पावलं. उनोवरचं जीआरबीएल सेकंदाला ३०,००० पावलांपर्यंत जातं, तेव्हा मिनिटाला साडेपाच मीटरपर्यंत कंट्रोलर अडवणार नाही. मोटर आधी दमेल, कारण वेग वाढला की स्टेपरचा जोर घटतो. आणि एका पावलाला ०.००३ मिमी येतं म्हणून मशीन तेवढं अचूक आहे असं कुणाला सांगू नका. साध्या स्टेपरचं पाऊल चुकलं तर कंट्रोलरला पत्ताही लागत नाही.

आता इमर्जन्सीच्या लाल बटणाबद्दल. माझ्या पहिल्या मशीनवर मी ते कंट्रोलरच्या पिनला जोडलं होतं. व्हीएफडीच्या गोंगाटाने कंट्रोलरच गोठला. अक्ष जॉबमध्ये थांबले, स्पिंडल फिरतच राहिला, आणि मी ते लाल बटण खेळण्यासारखं दाबत बसलो. जॉब सुटून भिंतीवर आदळला. मी वाचलो ते दोन फूट बाजूला होतो म्हणून. बटण नॉर्मली क्लोज्ड (एरवी सर्किट जोडलेलं, दाबलं की तुटणारं) घ्या आणि त्याने कॉन्टॅक्टरमार्फत (मोठ्या रिलेमार्फत) स्पिंडलचा वीजपुरवठाच तुटला पाहिजे, सॉफ्टवेअरला न विचारता. स्पिंडल तरीही थोडा वेळ गरगरतो, तेव्हा हात लगेच घालू नका. अक्षाच्या टोकाचे लिमिट स्विचही नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबतं. स्पिंडलची केबल शील्डवाली, शील्ड अर्थ केलेली, आणि सिग्नलच्या तारांपासून लांब.

हातमोजे घालून फिरत्या कटरजवळ जायचं नाही. चष्मा हवाच.

नवशी_गवशी:
मधेच विचारते. माझ्याकडे ३०१८ (छोटं तयार सीएनसी) आहे. ॲल्युमिनियम कटरला चिकटून गोळा होतो आणि कटर मोडतो. आजवर तीन गेले. वेग आणखी कमी करू का?

टूलरूमवाले_काका:
कुठला वेग ते आधी सांगा. फीड, म्हणजे कटर पुढे सरकायचा वेग, कमी केलंत तर आणखी बिघडेल. कटर कापण्याऐवजी घासतो, घासला की तापतो, तापला की ॲल्युमिनियम चिकटतं. कटर चार दातांचा आहे का? तो काढून ठेवा. ॲल्युमिनियमला एक किंवा दोन दातांचा कार्बाइड, चिपला (कापून निघणाऱ्या कपच्यांना) निघायला वाट हवी.

हिशेब सोपा: आरपीएम गुणिले दात गुणिले एका दाताचा घास. १०,००० आरपीएम, एक दात, ०.०२५ मिमी घास, म्हणजे मिनिटाला २५० मिमी. खोली ०.२ मिमीपासून सुरू करा, मशीन कुरकुरलं तर खोली कमी करा, फीड नाही. चिप हवेने उडवत राहा, नाहीतर कटर तीच तीच चिप पुन्हा चघळतो. थोडं केरोसीन ब्रशने लावलं तरी फरक पडतो, फक्त ब्रशनेच, फवारा नको, पेट घेईल. भुशासारखी पावडर पडत असेल तर घासतंय. नखाच्या कापासारखी चिप हाताला लागली तर कापतंय.

लाकूडतोड्याची_लेक:
आणि जॉब हलत तर नाही ना? पातळ पत्र्याला मी जॉबला खालून आणि बेडला वरून मास्किंग टेप लावते, दोन्ही टेपच्या मधे सुपरग्लू. क्लॅम्प कटरच्या वाटेत येत नाही आणि टेप सोलली की जॉब स्वच्छ सुटतो. फक्त जॉब तापला की ग्लू सोडतो, तेव्हा काकांचं ऐका.

नवशी_गवशी:
चार दातांचाच होता! आणि फीड ६० वर नेलं होतं. आज बदलून बघते.

खटपट्या:
शतांश, तुमच्या हिशेबावर मनातून थोडा अविश्वास होता म्हणून काल रात्री करूनच पाहिलं. दोन्ही रॉड १ मीटरवर टेकवले, मधे १० किलोची पिशवी, खाली डायल. हिशेब ०.६५ म्हणाला होता, माझ्याकडे ०.७१ आले. टेकू लाकडाचे होते, वरचं त्यांच्याकडे धरतो.

गाईड आणि स्क्रू मागवलेत. गॅन्ट्रीची प्लेट २० मिमी जाडीची घेतोय, टेबलापासून तिची उंची १२० वरून ९५ वर आणली. रॉड बैठकीतल्या पडद्यांना लावलेत. तिथे अजिबात वाकत नाहीत.