शब्दचर्चा : मुशी जरायुज की अंडजरायुज? आणि 'वर्षवलय' म्हणावे का?

पाटीपेन्सिल : शार्कवरच्या लेखाचे मुद्रितशोधन चालू आहे. एका परिच्छेदात मुशी (लहान शार्क) 'जरायुज' आहे, पुढच्यात 'अंडजरायुज'. कोणते ठेवू? मणक्यावरच्या खुणांना लेखकाने 'वर्षवलये' म्हटले आहे, ते चालेल का?

खाडीकाठ : मुशी म्हणजे बाजारात येणारी, चपट्या नाकाची स्कोलिओडॉन (तळकोकणात आणि गोव्यात मोरी) असेल, तर जरायुजच. जरायू म्हणजे गर्भाचे वेष्टन, वार; जरायुज म्हणजे वारेवर वाढलेली पिल्ले देणारा. मुशीचे अंडे जेमतेम १ मिमीचे, त्यात बलक नसल्यात जमा. त्यामुळे गर्भ अगदी बारीक असतानाच वारेने गर्भाशयाला जोडला जातो, आणि त्याच्या नाळेवर केसांसारखे धागे फुटतात. मादीला गर्भाशये दोन. एका खेपेस बहुधा ६ ते १८ पिल्ले, जन्मताना १२ ते १५ सेंमीची. बांगड्यासारखी गाभोळी (अंड्यांचा पुंजका) मुशीत शोधू नये, गाभण मादी चिरली की थेट पिल्लेच निघतात.

अंडजरायुज म्हणजे अंडे पोटातच फुटून पिल्ले देणारा, जशी देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क. १९९५ मध्ये तैवानला पकडलेल्या मादीच्या पोटात सुमारे ३०० गर्भ निघाले, काही अजून अंडकवचातच होते. कवच पोटातच फुटते, वार नाही.

उलटी ओहोटी : मग वार नसलेल्या प्राण्याच्या नावात 'जरायू' कशाला? हा शब्द बेतताना कोणी विचारच केलेला दिसत नाही. शिवाय पिल्लू पोटात कशावर वाढते, हेही त्यातून कळत नाही. सँड टायगर शार्कच्या गर्भाशयात मोठा गर्भ भावंडांना खातो, मग न फळलेली अंडी खातो. प्रत्येक गर्भाशयातून एकच पिल्लू येते, सुमारे १ मीटरचे. इथे सरळ 'वारेविना पिल्ले देणारा' लिहावे.

खाडीकाठ : पटते, पण शब्द रूढ आहे. पहिल्या वेळी कंसात खुलासा द्यावा.

मणकेमोज : 'वर्षवलय' नको, 'वाढवलय' लिहा. शार्कचे खवले गळून नवे येतात, त्यामुळे त्यांवरून वय कळत नाही. म्हणून कूर्चेचा मणका घेतात, मांस काढतात आणि मधोमध सुमारे अर्धा मिमी जाडीचा काप करतात. सूक्ष्मदर्शकाखाली गडद-फिकट पट्ट्यांच्या जोड्या मोजायच्या. काठाचा कोन जिथे बदलतो ती जन्मखूण, मोजणी तिच्यापुढून. मांस सुटावे म्हणून मणका ब्लीचमध्ये जास्त वेळ ठेवला तर काठ झिजतो, नेमक्या शेवटच्या जोड्या जातात.

वर्षाला एकच जोडी, हे गृहीत आहे, ते जातीगणिक तपासावे लागते. जिवंत शार्कला दर किलो वजनामागे २५ मिग्रॅ ऑक्सिटेट्रासायक्लिन (एक प्रतिजैविक) टोचून सोडतात. पुन्हा सापडला की अतिनील प्रकाशात मणक्यावर त्या दिवसाची खूण चमकते. तिच्या बाहेर किती जोड्या आल्या ते मोजायचे. म्हाताऱ्या शार्कची वाढ थांबत आली की जोड्याही नीट उमटत नाहीत, आणि वय कमी निघते. ग्रीनलंड शार्कचा मणका तर इतका मऊ की वलयेच मिळत नाहीत. २०१६ मध्ये त्याचे वय डोळ्याच्या भिंगातल्या रेडिओकार्बनवरून (किरणोत्सारी कार्बनवरून) काढले. सर्वांत मोठ्या मादीचे ३९२ वर्षे आले, चूक १२० वर्षे इकडेतिकडे.

पाटीपेन्सिल : 'वाढवलय' करते. बांबू शार्कच्या परिच्छेदात 'मादी चामट अंडकोष खडकाला चिकटवते' असेही आहे.

मणकेमोज : तिथे आधी 'अंडकवच' करा. अंडकोष नराला असतात.